जुन्या ट्रॅक्टरच्या मॅनिफोल्डचे स्टड

इंजिनात जळालेला धूर सिलिंडरमधून सायलेन्सरकडे जातो तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून. बिडाचा हा ओतीव भाग इंजिनाच्या हेडला स्टडने आवळलेला असतो. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे पाडलेला पोलादी दांडा. त्याचे एक टोक हेडमध्ये बसते, दुसऱ्यावर नट चढतो आणि हेड व मॅनिफोल्ड यांच्यामध्ये गॅस्केट असते.

हे स्टड का खराब होतात, ते गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यात दिसते. पावसाळ्यात रोवणीआधी बांधीत चिखलणी करताना ट्रॅक्टर तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालतो. तापलेल्या मॅनिफोल्डवर गढूळ पाणी उडत राहते. दिवाळीच्या आगेमागे त्याच ट्रॅक्टरवर थ्रेशर चालतो आणि नंतर तो बरेच दिवस उभा असतो. उष्णता, ओल आणि मुक्काम या तिन्ही गोष्टींनी स्टडला गंज धरतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. त्यामुळे नट आणि स्टड एकमेकांत घट्ट अडकतात.

स्टड तुटण्याचे कारण मात्र गंजाच्याही पलीकडचे आहे. हेडमध्ये पाणी फिरत असल्याने ते साधारण ९० अंशांच्या आसपास राहते, तर मॅनिफोल्ड कित्येकशे अंशांपर्यंत तापतो. अर्धा मीटर लांबीचे बीड ४०० अंशांनी तापले, तर ते सुमारे २ मिलिमीटर वाढते. मॅनिफोल्ड लांबीत सरकतो, हेड जागेवरच असते आणि दोघांना जोडणारा स्टड दर वेळी थोडा वाकतो. हे वाकणे दोन टोकांकडच्या स्टडवर सर्वांत जास्त पडते, म्हणून बहुधा तेच आधी तुटतात.

तुटलेल्या स्टडची पहिली खूण म्हणजे थंड इंजिन सुरू करताना येणारा टिकटिक आवाज. इंजिन तापून फट मिटली की तो कमी होतो. सांध्याजवळ काजळीचा काळा पट्टाही दिसतो. धान चुरताना ही गळती धोक्याची ठरते, कारण फटीतून निघणाऱ्या गरम धुरापाशी तणीस आणि भुसा साचला तर आग लागू शकते.

स्टड काढण्याचे काम थंड इंजिनावर करतात. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करून गंज सोडवणारे तेल सोडतात आणि शक्य असल्यास ते रात्रभर मुरू देतात. नट तरीही हलला नाही, तर गॅसच्या ज्योतीने फक्त नट तापवतात. नट फुगतो आणि गंजाची पकड सुटते. ज्योत लावण्यापूर्वी डिझेलच्या नळ्या बाजूला करणे आणि सांडलेले तेल पुसणे आवश्यक असते. पाना एकाच दिशेने जोराने न ओढता थोडा मागे, थोडा पुढे फिरवतात. शाबूत स्टड काढताना त्यावर दोन नट एकमेकांवर आवळून आतला नट उलटा फिरवतात.

स्टड तुटून थोटूक बाहेर राहिले, तर त्यावर नट वेल्ड करतात. वेल्डिंगच्या उष्णतेनेच थोटूक बरेचदा सैल होते. ते हेडच्या पातळीवर तुटले असेल, तर बरोबर मध्यावर पंच मारून ड्रिल करावे लागते. मध्य चुकला की हेडचे आटे जातात. थोटूक काढायला ड्रिलच्या भोकात घातलेले ईझी-आउट हे हत्यार आतच मोडले तर काम आणखी अवघड होते, कारण त्या कठीण पोलादात साधे ड्रिल शिरत नाही. अशा वेळी हेड उतरवून लेथवाल्याकडे नेलेले बरे. खराब झालेल्या भोकात हेलिकॉइल, म्हणजे आट्यांसाठीची तारेची गुंडाळी, बसवून मूळ मापाचे आटे परत मिळवता येतात.

नव्या स्टडचे माप आधी तपासावे लागते. ब्रिटिश आराखड्यावरून आलेल्या जुन्या इंजिनांत इंची आटे असू शकतात. मिलिमीटरचा स्टड त्यात एकदोन फेरे शिरतो आणि मग आटे फाडतो. बाजारातला साधा बोल्ट उष्णतेत ताणला जातो. त्याऐवजी कंपनीच्या मापाचा आणि ग्रेडचा स्टड वापरतात. काही इंजिनांत स्टडचे भोक पाण्याच्या जागेत उघडते. तिथे पाणी आधी काढून आट्यांना योग्य सीलंट लावावा लागतो. नट पितळी किंवा तांब्याचा मुलामा असलेला असल्यास पुढच्या वेळी तो सहज सुटतो.

बसवण्यापूर्वी मॅनिफोल्डवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने वाकडेपणा पाहतात. तो वाकलेला असेल, तर पृष्ठभाग मशिनवर सपाट करून घ्यावा लागतो. गॅस्केट नेहमी नवेच घालतात. नट मधून सुरू करून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच आवळतात. टोकांची भोके कारखान्यातूनच थोडी मोठी असतील, तर ती मॅनिफोल्डला सरकायला ठेवलेली जागा असते. तिथे जाड स्टड घालून ती बुजवू नये.

एकच स्टड तुटला म्हणून फक्त तोच बदलणे ही खोटी बचत आहे. वाकडा मॅनिफोल्ड तसाच राहिला, तर नवा स्टडही पुढच्या चिखलणीत तुटू शकतो. म्हणून सगळे स्टड एकदम बदलावेत आणि सांधा सपाट करून घ्यावा. हे काम उन्हाळ्यात, ट्रॅक्टर रिकामा असताना उरकणे सोयीचे.