ताप उतरत नाही? अंगावर काळी खपली शोधा

पावसाळ्यात वस्तीत कुणाला ताप आला की आधी डेंग्यूचे नाव निघते, मग मलेरियाचे, मग टायफॉइडचे. तिन्ही तपासण्या निगेटिव्ह येतात, ताप मात्र हटत नाही. मग घरचे म्हणतात, "व्हायरल असेल, जाईल." हे ऐकले की आम्हाला धास्ती वाटते. कारण वर्षावासाच्या महिन्यांत आणि पुढे दिवाळीपर्यंत विदर्भात आणखी एक ताप फिरतो, स्क्रब टायफस. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या भागात या तापाने माणसे दगावली, तेव्हा त्याचे नाव घरोघरी पोचले. पुढे लोक ते विसरूनही गेले.

टायफस म्हणजे टायफॉइड नव्हे. टायफॉइड दूषित पाण्यातून, अन्नातून होतो. हा ताप किड्याच्या चाव्यातून येतो. गाई-कुत्र्यांच्या अंगावरचा गोचीड आपल्याला दिसतो, ओढून काढता येतो. चिगर ही त्याच्याच जातकुळीतल्या एका किड्याची अळी, पण इतकी बारीक की नजरेला पडत नाही, आणि चावली तरी कळत नाही. ती उंदीर-घुशींच्या अंगावर जगते आणि झुडपात, वाढलेल्या गवतात वाट बघत बसते. नाल्याकाठी घर, मागे मोकळ्या प्लॉटवर रान, कचऱ्यावर पोसलेले उंदीर. आपल्या किती वस्त्यांचे हे वर्णन आहे, ते आम्ही सांगायला नको. गवत कापणारे, सरपण आणणाऱ्या, निंदणाला जाणाऱ्या बाया, उघड्यावर शौचाला बसावे लागणारी माणसे यांना धोका जास्त.

चावल्यानंतर साधारण दहा दिवसांनी थंडी वाजून जोराचा ताप येतो. डोके फार दुखते, अंग मोडून येते. कुणाला पुरळ उठते, कुणाला खोकला होतो. पण खरी खूण चाव्याच्या जागी असते. तिथे बिडीचा चटका बसावा तशी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून लक्षच जात नाही. आणि असते कुठे? काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेला नाडी बांधतो तिथे. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टर कपडे बाजूला करून बघत नाहीत आणि बाया लाजेने दाखवत नाहीत. त्या लाजेपायी चार-पाच दिवस जातात आणि तेवढ्यात आजार फुप्फुसात, किडनीत, मेंदूत उतरू शकतो. तेव्हा ताप आलेल्या माणसाचे सगळे अंग घरीच बघा. सुनेचे सासूने, आईचे लेकीने बघावे. सगळ्यांनाच खपली उठते असे नाही. ती नसली म्हणून निर्धास्त राहू नका.

यावर औषध आहे आणि ते महागडे नाही. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वेळेत सुरू झाल्या तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. गरोदर बाईला डॉक्टर अॅझिथ्रोमायसिन देतात. (अमेरिकेत गोचिडीपासून होणाऱ्या लाइम आजारावरही हेच डॉक्सिसायक्लिन चालते.) टायफॉइडसाठी देतात त्यातली काही महागडी इंजेक्शने मात्र या जंतूवर चालत नाहीत. रक्ततपासणी मोठ्या सरकारी दवाखान्यात होते, पण पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून शंका दाट असेल तर रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू करतात. मेडिकलवाल्याकडून आपल्या मनाने दोन गोळ्या घेऊन थांबू नका, कोर्स पूर्ण करा.

हा ताप माणसापासून माणसाला लागत नाही. रोग्याचे ताट-अंथरूण वेगळे करू नका.

गवतात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पायजमा मोज्यात खोचा. गवतावर बसू नका, त्यावर कपडे वाळत घालू नका. परत आल्यावर साबणाने घासून आंघोळ करा आणि ते कपडे लगेच गरम पाण्यात धुवा. विहारामागचे, अंगणवाडीजवळचे रान कापून घ्यायला नगरपालिकेला अर्ज द्या, पोच घ्या.

दवाखान्यात गेल्यावर आपण होऊन सांगा: "डॉक्टर, मी गवतात काम केलंय, ताप पाच दिवसांचा आहे, स्क्रब टायफस तर नाही ना?"