नादाची कारागीर

इ. स. १९४० च्या नोव्हेंबर महिन्यातील गोष्ट. दुसरे महायुद्ध भडकले होते. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री ह्या नगरावर शत्रूची विमाने चालून आली आणि एका रात्रीत नगराचा मध्यभाग उद्ध्वस्त झाला. विमाने येण्यापूर्वी धोक्याचा भोंगा वाजे. त्याचा स्वर खालून हळूहळू वर चढे आणि पुन्हा खाली उतरे. तो कोणाच्या कंठातून निघत नसे, की कोणत्या तारेतून उमटत नसे. त्या नगरात राहणाऱ्या साडेतीन वर्षांच्या एका मुलीच्या मनावर तो आवाज कायमचा ठसला. तिचे नाव डेलिया डर्बीशायर. अशा अनोख्या नादांची आपली आवड त्या भोंग्यांपासून सुरू झाली, असे त्या पुढे सांगत.

डेलिया कष्टकरी कुटुंबातील होत्या. बुद्धीच्या बळावर त्यांनी केंब्रिज विद्यापीठात प्रवेश मिळविला आणि गणित व संगीत ह्या दोन्ही विषयांचा अभ्यास केला. १९५९ साली शिक्षण संपल्यावर त्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या एका कंपनीकडे काम मागण्यास गेल्या. ध्वनिमुद्रणाच्या कामावर स्त्रियांना घेत नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. त्या खचल्या नाहीत. १९६० साली त्यांनी बी. बी. सी. ह्या नभोवाणी संस्थेत नोकरी धरली, आणि १९६२ साली त्या तिच्या ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ ह्या विभागात दाखल झाल्या. नाटकांना व कार्यक्रमांना लागणारे नवनवे आवाज निर्माण करणे, हे लंडनमधील ह्या विभागाचे काम होते.

कळ दाबताच हवा तो नाद देणारी सिंथेसायझर नावाची वाद्ये तेव्हा बाजारात आली नव्हती. कार्यशाळेत होती ती ध्वनिमुद्रणाची यंत्रे, कात्री, चिकटपट्टी आणि विजेच्या साहाय्याने एकसारखा स्वर काढणारी काही उपकरणे. ही उपकरणे मुळात यंत्रांची तपासणी करण्यासाठी बनविलेली होती. त्यांच्यापासून संगीत कसे निर्माण होई?

त्याचे रहस्य ध्वनिफितीत आहे. फितीवर एखादा आवाज मुद्रित केला आणि ती दुप्पट वेगाने फिरविली, तर त्याचा स्वर एक सप्तक वर चढतो. ती निम्म्या वेगाने फिरविली, तर स्वर एक सप्तक खाली येतो. फितीची लांबी म्हणजेच काळ. फीत दर सेकंदास १५ इंच सरकत असेल, तर अर्ध्या सेकंदाचा स्वर साडेसात इंच लांबीच्या तुकड्यात मावतो. असे तुकडे मोजून कापावयाचे आणि एकापुढे एक चिकटवावयाचे. गणित आणि संगीत ह्यांची अशी गाठ पडल्यावर डेलियांच्या शिक्षणाचे चीज झाले.

१९६३ साली ‘डॉक्टर हू’ ह्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी रॉन ग्रेनर ह्या संगीतकाराने एक धून लिहून दिली. ती नादात उतरविण्याचे काम डेलियांकडे आले. त्यांनी एकच तार छेडून तिचा आवाज मुद्रित केला आणि फितीचा वेग बदलून त्यातून खालचे सर्व स्वर मिळविले. वरची धून विजेच्या उपकरणांतून हाताने स्वर चढवीत, उतरवीत काढली. प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे कापून जोडला. अशा निरनिराळ्या फिती शेवटी एकाच वेळी वाजवून त्यांचा मेळ घालावयाचा होता. परंतु कोठेतरी एक स्वर चुकत होता. तेव्हा डेलिया व त्यांचे सहायक डिक मिल्स ह्यांनी त्या फिती लांबच लांब ओवरीत शेजारी शेजारी अंथरल्या आणि जोड ताडून पाहत चूक शोधून काढली! तयार झालेली धून ऐकून ग्रेनर थक्क झाले. ही खरोखर आपणच लिहिली काय, असे त्यांनी विचारले. बहुतेक तुम्हीच, असे डेलियांनी उत्तर दिले.

साध्या वस्तूंतील नादही त्यांचे कान टिपत. देवळातील घंटा वाजविली म्हणजे प्रथम ‘ठण्’ असा आघात होतो आणि मग नाद घुमत राहतो. कार्यशाळेतील दिव्यावरच्या धातूच्या हिरव्या झाकणावर आघात केला असता तसाच नाद घुमे. डेलियांनी तो मुद्रित केला, आरंभीचा आघात कापून टाकला आणि मागील गुंजन तेवढे ठेवले. त्या गुंजनात कोणकोणते स्वर दडले आहेत, हे त्यांनी शोधले आणि ते विजेच्या उपकरणांतून पुन्हा निर्माण केले. सहारा वाळवंटातील तुआरेग लोकांविषयीच्या माहितीपटासाठी त्यांनी हा नाद वापरला. उंटांच्या टापांसाठी त्यांनी आपल्याच आवाजाचे तुकडे ठेक्यात जोडले.

‘डॉक्टर हू’च्या धूनीच्या श्रेयात आपल्याबरोबर डेलियांचेही नाव असावे, अशी ग्रेनर ह्यांची इच्छा होती. परंतु विभागातील लोकांची नावे द्यावयाची नाहीत, असा संस्थेचा नियम होता. त्यामुळे लक्षावधी लोकांना ती धून ठाऊक झाली, मात्र ती घडविणारे हात अज्ञातच राहिले. १९७३ साली डेलियांनी ती नोकरी सोडली. २००१ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या घराच्या माळ्यावर २६७ फिती सापडल्या. मालिकेच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव प्रथम झळकले ते २०१३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी.

दरम्यान काळ बदलला होता. सिंथेसायझर आले, ठेका देणारी यंत्रे आली. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील डेट्रॉइट ह्या मोटारींच्या नगरीत हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन ह्या तरुणांनी अशा यंत्रांतून टेक्नो नावाचे नृत्यसंगीत घडविले. पुढे इंग्लंडमधील ‘ऑर्बिटल’ ह्या दोन भावांच्या जोडीने डेलियांची ती धून आपल्या मैफलींतून हजारो तरुणांना ऐकविली. आता कळ दाबताच स्वर उमटतो. फीत कापावी लागत नाही. तरी कोणता नाद ठेवावा आणि कोणता कापावा, हे यंत्र सांगत नाही. ते ऐकणाऱ्या कानालाच ठरवावे लागते.