रनवेच्या टोकाला घर

मिशनरी म्हटलं की आपल्या मराठवाड्यात डोळ्यासमोर काय येतं? जुनं दगडी चर्च, मिशनचा दवाखाना, मिशनची शाळा. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, तेव्हाच्या अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने शाळा काढल्या. ही मंडळी बैलगाडीने, टांग्याने, घोड्यावरून गावोगाव फिरली. गाडीवाट का होईना, वाट होती. पण जिथे वाटच नाही तिथे काय करायचं?

तिथे मिशनऱ्यांनी विमान नेलं. दुसऱ्या महायुद्धात विमानं चालवलेल्या काही अमेरिकन तरुणांनी १९४५ साली एक संस्था काढली, तीच आजची मिशन एव्हिएशन फेलोशिप. तिचं पहिलं विमान १९४६ मध्ये मेक्सिकोला नेलं ते बेटी ग्रीन या महिला पायलटने. (आपल्या वर्गातल्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावं. मुलांनी तर ठेवावंच!)

या कामाचं आजचं स्वरूप बघायचं तर पापुआ न्यू गिनीकडे पाहावं. समजा, नांदेडहून लातूरला जायला रस्ता नाही, रेल्वे नाही, मध्ये नुसते डोंगर आणि जंगल. एसटीचा प्रश्नच नाही. त्या देशात हीच अवस्था आहे. राजधानी पोर्ट मोर्स्बीहून देशाच्या डोंगराळ भागात गाडीरस्ता जात नाही. १९५१ पासून तिथे ही छोटी विमानं उडतात. बायबल नेतात, तसेच शाळेची पुस्तकं, पत्रे, औषधं, कॉफीची पोती, अडलेल्या बाळंतिणी आणि कधी कधी प्रेतंसुद्धा.

पायलट बहुतेक वेळा स्वतःच हमाल, स्वतःच कंडक्टर. भल्या सकाळी विमानाची तपासणी, टाकीच्या तळातून थोडं इंधन काढून त्यात पाणी आलं का ते बघणं, मग वजन. सामानाचं तर होतंच, पण प्रवाशालाही वजनकाट्यावर उभं राहावं लागतं. कुणी लाजत नाही. दुपारी डोंगरावर ढग चढतात, म्हणून जमेल तेवढं काम सकाळीच उरकायचं.

एवढं वजन कशाला करायचं, असं वाटेल. इथे आपला अभ्यास कामाला येतो. तिथल्या कित्येक धावपट्ट्या जेमतेम ५०० मीटरच्या, गवताच्या आणि उताराच्या आहेत. चढाच्या दिशेने उतरायचं, उताराच्या दिशेने उडायचं. पुढे डोंगर असल्यामुळे उतरताना चुकलं तर दुसरी संधी नाही. त्यात उंचीवर हवा विरळ. इंजिनाची शक्ती घटते, पंखा हवेला नीट पकडत नाही आणि पंखांनाही उचल कमी मिळते. हवा गरम असली तरी हाच परिणाम होतो. लातूरचं विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६३३ मीटरवर आहे. मे महिन्यात पारा ४२ वर गेला तर प्रमाण वातावरणापेक्षा हवा ३१ अंशांनी गरम ठरते. दर अंशाला साधारण ३६ मीटर धरा, म्हणजे विमानाच्या दृष्टीने लातूर जवळजवळ १७५० मीटरवर जातं. कळसूबाई १६४६ मीटर! उन्हाळ्यात आपण लातूरकर शिखराच्याही वर राहतो, फक्त तिथली थंडी तेवढी मिळत नाही.

आता पॅकेजचा प्रश्न, कारण कॅम्पस इंटरव्ह्यूच्या दिवसांत तो कुणीतरी विचारणारच. यांना कंपनीसारखा पगार नसतो. हे कुटुंब निघण्याआधी आपल्याकडच्या चर्चमधून, नातेवाइकांकडून दरमहा देणगीची कबुली मिळवतं आणि त्यावर राहतं. पुष्कळ पायलट मेकॅनिकही असतात, कारण जंगलात गॅरेज कुठलं? मुलं घरी शिकतात, नाहीतर हॉस्टेलला जातात. पापुआ न्यू गिनीत उकारुम्पा इथे अशा मुलांची शाळा आणि वसतिगृहं आहेत. आपल्याकडे कोडाईकनालची शाळा १९०१ साली मिशनऱ्यांच्या मुलांसाठीच निघाली होती. तेव्हा घरची आठवण काढत मेसचं जेवण जेवणारे आपण एकटेच नाही.

पण सगळं लक्ष पायलटवर जातं आणि घर मागे राहतं. घर काय करतं, हे कळायला इक्वेडोरच्या सेंट कुटुंबाची हकीकत वाचावी. नेट आणि मार्ज सेंट १९४८ साली शेल मेरा इथे आले. शेल कंपनी तेलाचा शोध सोडून निघून गेली होती, मागे तिची धावपट्टी उरली होती. तिच्याकडेला यांनी घर बांधलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये नेटला अपघात झाला आणि पाठीला प्लास्टर घालून पडून राहावं लागलं. मार्ज तेव्हा पहिल्या बाळंतपणाला टेकलेली.

पुढची सात वर्षं त्या घरात रेडिओ कधी थंड पडला नाही. जंगलातल्या ठाण्यांवरून हवामान विचारायचं, कुणाला काय हवं ते लिहून घ्यायचं, सामान आणायचं, तोलायचं, हिशोब ठेवायचा, येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना जेवण आणि अंथरूण द्यायचं, आणि तीन मुलं सांभाळत विमान आत्ता कुठे आहे ते टिपत राहायचं. आजच्या भाषेत कंट्रोल टॉवर, स्टोअर्स आणि गेस्ट हाउस हे तिन्ही विभाग एकट्या बाईकडे होते. नेट हा खटपट्या माणूस. इंधनाचा पुरवठा बंद पडला तर इंजिन चालू राहावं म्हणून त्याने एका डब्यापासून जादा टाकी बनवली. विमान गोल गोल फिरत ठेवून लांब दोरीला बादली सोडायची, की हवेच्या रोधामुळे दोरी आत वळत जाते आणि खालची बादली जवळजवळ एका जागी थांबते, ही युक्तीही त्याचीच.

याच बादलीने १९५५ मध्ये त्याने वाओरानी लोकांना भेटी पाठवल्या. रबराच्या व्यापाऱ्यांनी या लोकांचा फार छळ केलेला, त्यामुळे परक्याला ते मारत. भेटींच्या बदल्यात त्यांनी वर पोपट पाठवला. तेवढ्या भरवशावर जानेवारी १९५६ मध्ये नेट आणि त्याचे चार सोबती नदीकाठच्या वाळूवर उतरले. ८ जानेवारीला नेटने रेडिओवरून सांगितलं होतं, पुढचा निरोप साडेचारला. मार्ज सेटजवळ बसून राहिली. निरोप आला नाही. दुसऱ्या दिवशी सहकारी पायलट जॉनी कीनन याला वरून विमानाचा कापड ओरबाडलेला सांगाडा दिसला. पाचही जण भाल्यांनी मारले गेले होते.

बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात जावं का, यावर आपल्याकडे तीव्र मतं आहेत, आणि वाओरानींच्या बाजूने पाहिलं तर ती अगदीच चूक म्हणता येत नाहीत. बाहेरच्यांशी संबंध आल्यावर रोगराई आली, त्यांच्या जमिनीवर तेल कंपन्याही पोहोचल्या. उलट, १९५८ मध्ये नेटची बहीण रेचेल आणि मेलेल्यांपैकी एकाची पत्नी एलिझाबेथ एलियट त्याच लोकांत जाऊन राहिल्या आणि सूडाच्या हत्या पुष्कळ कमी झाल्या, हेही खरं.

मार्ज तेव्हा लगेच अमेरिकेला कायमची परतली नाही. मुलांना घेऊन ती क्वीटोला गेली आणि तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाहुणेघर चालवू लागली. शेल मेराहून विमानं उडतच राहिली आणि रेडिओजवळ दुसरं कुणीतरी बसू लागलं.