मुलांची नावं बिघडू नयेत म्हणून : घरच्या लॅपटॉपवर कोड एडिटर आणि डेटाबेस

बारावीचा निकाल लागला की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, मुलाला कॉम्प्युटरचं काहीतरी शिकवायचंय. कुठला क्लास लावू?" आमच्या सोनारीतून परांडा किंवा बार्शीला रोज जाऊन-येऊन शिकणारी मुलं बरीच आहेत. एमएस-सीआयटी झालेलं असतं, टायपिंग येतं. पण त्यापुढे काय, हे घरात कुणाला सांगता येत नाही.

मी शिक्षक आहे, इंजिनिअर नाही. पण माझी भाची बार्शीला बीसीएस करते आणि तिच्यासोबत बसून मीही थोडं शिकलो. शिकताना एक मोठी चूकही केली, तीही सांगतो. आजचा विषय आहे कोड एडिटर वापरून डेटाबेसचं काम कसं करायचं. दोन्हींना पैसे लागत नाहीत, काळजी मात्र लागते.

डेटाबेस म्हणजे आपलं रजिस्टरच

शाळेत जनरल रजिस्टर असतं. प्रत्येक मुलाला एक नंबर, त्यापुढे नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख. नाव दोघांचं सारखं असू शकतं, नंबर कधीच नाही. डेटाबेस असाच असतो. रजिस्टरला तिथे टेबल म्हणतात आणि त्या न बदलणाऱ्या नंबराला प्रायमरी की.

आपण मोबाइलवर सातबारा पाहतो, शाळेत 'सरल' किंवा यू-डायस प्लसवर मुलांची माहिती भरतो, ते सगळं डेटाबेसमध्येच जातं. फोनमधलं व्हॉट्सॲपसुद्धा आपले मेसेज एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतं.

या रजिस्टरशी बोलायची भाषा म्हणजे एसक्यूएल. ती १९७०च्या दशकात आयबीएम कंपनीत तयार झाली आणि आजही चालते. तिच्यातले रोजचे शब्द थोडेच आहेत : दाखव म्हणजे 'सिलेक्ट', नवीन ओळ टाक म्हणजे 'इन्सर्ट', बदल म्हणजे 'अपडेट', काढून टाक म्हणजे 'डिलीट'. या आज्ञा टाइप करताना इंग्रजी अक्षरातच करायच्या असतात, इथे मी फक्त उच्चार देतो आहे.

एडिटर वेगळा, डेटाबेस वेगळा

इथे मुलं गोंधळतात. एडिटर म्हणजे लिहायची पाटी. डेटाबेस म्हणजे कपाटात ठेवलेलं रजिस्टर. पाटीवर लिहिलं म्हणजे रजिस्टरात उतरलं असं होत नाही, ते पाठवावं लागतं. आणि एकदा पाठवलं की पाटी पुसून उपयोग नसतो. एडिटरमध्ये 'अन्डू' दाबलं तर पाटीवरची अक्षरं मागे येतात, रजिस्टरातला बदल मागे येत नाही. एवढं वाक्य मुलांनी वहीवर लिहून ठेवावं.

सध्या सर्वांत जास्त चालणाऱ्या एडिटरांपैकी एक म्हणजे व्हिज्युअल स्टुडिओ कोड, थोडक्यात व्हीएस कोड. मायक्रोसॉफ्टने तो २०१५ मध्ये आणला, २०१६ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर तो फुकट मिळतो. आमच्या घरातल्या जुन्या लॅपटॉपवरही नीट चालतो.

मूळ एडिटर साधाच आहे. त्याला लागेल तसे जोड बसवायचे, त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरसाठी जोड आहे, ओरॅकलने आपल्या डेटाबेससाठी दिला आहे, पोस्टग्रेससाठीही आहे. पूर्वी या कामाला मायक्रोसॉफ्टचं ॲझ्युर डेटा स्टुडिओ नावाचं वेगळं सॉफ्टवेअर होतं. ते बंद करत असल्याचं कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केलं आणि लोकांना व्हीएस कोडकडे यायला सांगितलं. म्हणून जुने व्हिडिओ पाहून शिकत असाल तर जपून.

सुरुवात कशी करायची

डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस घ्यावा असं मी सुचवेन. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात १९८६ मध्ये त्याचं काम सुरू झालं. तो पूर्ण मोफत आहे, शिकायलाही आणि पुढे धंद्यात वापरायलाही. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्तीही फुकट मिळते, पण ती फक्त शिकण्या-बनवण्यासाठी, प्रत्यक्ष कामाला लावण्यासाठी नाही.

क्रम असा ठेवा. पोस्टग्रेस बसवा आणि त्याचा पासवर्ड वहीत नोंदवा. मग व्हीएस कोड बसवा. त्यात डावीकडच्या एक्स्टेन्शनच्या चौकटीत जाऊन पोस्टग्रेस शोधा. जोड कुणी बनवला हे नावाखाली लिहिलेलं असतं, ते वाचूनच बसवा, कारण तिथे कुणीही आपला जोड टाकू शकतो. मग कनेक्शन जोडा : सर्व्हर 'लोकलहोस्ट', म्हणजे हाच लॅपटॉप. सगळं बसवून झालं की इंटरनेट नसलं तरी काम चालतं. रेंजचा आणि रिचार्जचा खेळ ज्यांना माहीत आहे त्यांना याचं मोल कळेल.

पहिलं टेबल घरातलंच करा. मोहल्ल्यातल्या वाचनालयाची पुस्तकं, दुकानाची उधारी, काहीही. आज्ञा थेट चालवण्यापेक्षा फाइलमध्ये लिहून ती जतन करा. उद्या काय केलं होतं ते तिथे वाचता येतं.

माझी चूक

आम्ही मोहल्ल्यातल्या १४२ मुलांची शिष्यवृत्तीची यादी केली होती. कोणाचा फॉर्म भरला, कोणाचा उत्पन्नाचा दाखला बाकी आहे, अशी. एका मुलीच्या वडिलांचं नाव चुकलं होतं. मी दोन ओळींची आज्ञा लिहिली. पहिल्या ओळीत 'अपडेट' आणि नवं नाव, दुसऱ्या ओळीत 'व्हेअर', म्हणजे कोणत्या नंबरच्या मुलीचं.

व्हीएस कोडमध्ये मजकुराचा जेवढा भाग माउसने निवडतो तेवढाच चालतो. माझ्या हातून पहिलीच ओळ निवडली गेली. 'व्हेअर' मागे राहिला. एका क्षणात १४२ मुलांचे वडील एकच झाले.

मी 'अन्डू' दाबत राहिलो. भाची म्हणाली, "मामू, ते पाटीवरचं आहे. रजिस्टरातलं गेलं." फॉर्मची मुदत दोन दिवसांवर होती. आम्ही रात्री दोनपर्यंत कागदी रजिस्टर समोर ठेवून एकेक नाव परत भरलं. कागद नसता तर घरोघर जावं लागलं असतं.

तेव्हापासून पाळतो त्या चार सवयी

एक, आधी 'सिलेक्ट'. ज्या अटीने बदल करायचा त्याच अटीने आधी फक्त बघायचं. एकच ओळ दिसली तरच पुढे.

दोन, आधी 'बिगिन'. ही आज्ञा दिल्यावर केलेले बदल कच्चे राहतात. 'अपडेट' झाल्यावर किती ओळी बदलल्या तो आकडा समोर येतो. एकच हवी होती आणि १४२ आल्या तर 'रोलबॅक', सगळं पूर्ववत. बरोबर असेल तर 'कमिट', मग पक्कं.

तीन, खऱ्या यादीवर सराव नाही. खोट्या नावांचं वेगळं टेबल करून तिथे शिका.

चार, रोज बॅकअप. पोस्टग्रेससोबत 'पीजी-डम्प' नावाचं साधन येतंच. त्याने केलेली प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

शेख की शैख?

आपल्या घरांत नावांचा त्रास जुना आहे. आधारवर फातिमा, शाळेत फातेमा, रेशनकार्डावर फातमा. माणसाला तिघी एकच वाटतात, डेटाबेसला तीन वेगळ्या. नुक्त्याचं तर आणखी सूक्ष्म आहे. 'ज़' हे अक्षर कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे साठवता येतं. डोळ्याला सारखंच दिसतं, पण शोधताना जुळत नाही. म्हणून शोध नेहमी नंबराने घ्या. आणि नाव कागदपत्रात जसं आहे तसंच भरा, मनाने सुधारू नका.

एसक्यूएल सर्व्हर वापरत असाल तर मराठी-उर्दू नावांसाठी 'एन-व्हारचार' प्रकारचा रकाना लागतो आणि आज्ञेत नावाच्या अवतरणचिन्हाआधी इंग्रजी 'एन' अक्षर लागतं. ते विसरलं तर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं साठतात, आणि मूळ नाव परत मिळत नाही. पोस्टग्रेसमध्ये यूटीएफ-८ निवडलेलं असेल तर हा त्रास होत नाही. उर्दू मजकूर उजवीकडून सुरू होतो, त्यामुळे एडिटरमध्ये एकाच ओळीत उर्दू नाव आणि आकडे आले की जागा उलटसुलट दिसतात. ते फक्त दिसणं असतं, घाबरून दुरुस्त करायला जाऊ नका.

एका जिल्ह्याची दोन नावं

२०२३ मध्ये आपल्या उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. आमच्या यादीत प्रत्येक मुलापुढे जिल्ह्याचं नाव लिहिलेलं होतं, कुठे 'उस्मानाबाद', कुठे 'उस्मा.बाद'. मग भाचीने जिल्ह्यांचं वेगळं छोटं टेबल केलं आणि मुलापुढे फक्त जिल्ह्याचा नंबर ठेवला. आता नाव एकाच जागी बदलतं. पण जुनं नाव पुसायचंही नाही, कारण मुलांच्या जुन्या दाखल्यांवर ते आहे. म्हणून जुनं नाव, नवं नाव आणि बदलाची तारीख असे तीन रकाने ठेवले. डेटाबेस चांगला आखणं म्हणतात ते हेच.

माहिती ही अमानत आहे

लोक विश्वासाने आपल्याला आधार नंबर, उत्पन्न, मोबाइल नंबर देतात. २०२३ मध्ये देशात वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. व्हीएस कोडमधून फाइल गिटहबवर चढवणं सोपं आहे, म्हणून आधीच ठरवा : आज्ञांच्या फाइल जातील, मुलांची यादी आणि पासवर्ड कधीच नाही. एडिटरमध्ये आता एआयची मदतही मिळते. ती घ्या, पण खरी नावं-नंबर त्यात टाकू नका. आणि त्याने लिहून दिलेली आज्ञा स्वतःला समजल्याशिवाय चालवू नका.

पुण्यात डेटाबेसवर काम करणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत. १९९० मध्ये सुरू झालेली पर्सिस्टंट तिथलीच, पोस्टग्रेसचं काम करणाऱ्या एंटरप्राइज डीबीचंही तिथे ऑफिस आहे. हे शिकलं की नोकरी लागलीच, असं मी कुणाला सांगणार नाही. पण मुलाखतीत मुलगी म्हणू शकेल की मी १४२ मुलांची यादी सांभाळते आणि एकाही मुलाचं नाव चुकू देत नाही, तर ते सर्टिफिकेटपेक्षा वजनदार ठरतं. घरात लॅपटॉप एकच असेल तर मुलगा-मुलगी दोघांना वेळ वाटून द्या. आणि कागदी रजिस्टर अजून फेकू नका.