विचार सुरू आहे

टीव्हीवरचा माणूस निवडणुकीला उभा राहणार की नाही, हे पक्षाच्या आधी मेकअप रूमला कळतं. मी एका मराठी वृत्तवाहिनीत रनडाउन लावते. कुठली बातमी कुठे आणि किती वेळ जाणार, ते ठरवण्याचं काम. आमच्या एका अँकरचं असंच झालं. आधी ब्लेझर जाऊन खादीचं जाकीट आलं. मग विषय कुठलाही असो, चर्चेत त्याच्या तालुक्यातलं पाणी वाहू लागलं. दहीहंडी, गणपतीची आरती, सगळीकडे हे प्रमुख पाहुणे. विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘विचार सुरू आहे, कार्यकर्त्यांशी बोलून ठरवू.’ कालपर्यंत याच्या हाताखाली प्रॉम्प्टर फिरवणारा एक पोरगा होता. कार्यकर्ते कुठून उगवले, देव जाणे.

पत्रकाराने राजकारणात जाऊ नये, असं माझं मुळीच म्हणणं नाही. आचार्य अत्रे ‘मराठा’ चालवत होते आणि 1957 साली आमदारही झाले. पण त्यांचा पेपर संयुक्त महाराष्ट्राचा आहे, हे विकत घेणाऱ्याला पहिल्या पानावरच कळायचं. माझं भांडण आहे ते या ‘विचारा’शी. खुर्ची पत्रकाराची, प्रश्न पत्रकाराचे आणि डोळा तिकिटावर. समोर बसलेल्या नेत्याला हा माणूस अडचणीचं विचारतोय की उद्याच्या पक्षाध्यक्षाला सांभाळून घेतोय, हे घरबसल्या प्रेक्षकाने कसं ओळखायचं?

कायद्याच्या दृष्टीने हा काळ फुकटचा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 77व्या कलमानुसार उमेदवाराचा खर्च मोजतात तो उमेदवारी अर्जापासून निकालापर्यंत. महाराष्ट्रात विधानसभेला 40 लाख, लोकसभेला 95 लाख, ही मर्यादा त्या तेवढ्या दिवसांसाठीच. आधीचे सहा महिने रोज रात्री नऊला तासभर चेहरा दिसला, तर त्याचा हिशोब शून्य. तोच तास विकत मागा, आमचा मार्केटिंग विभाग दहा-दहा सेकंदांचे पैसे लावेल.

अमेरिकेत 1934च्या कायद्यात समान संधीचं कलम आहे. बातम्या सोडून इतर कार्यक्रमात एका उमेदवाराला वेळ मिळाला, तर प्रतिस्पर्धीही तेवढाच मागू शकतो. ‘लॉ अँड ऑर्डर’ मालिकेत सरकारी वकील झालेले फ्रेड थॉम्प्सन 2007 साली अध्यक्षपदाचा ‘विचार’ करत होते. सप्टेंबरमध्ये त्यांनी रीतसर घोषणा केली, तेव्हा एनबीसीने त्यांचे जुने भाग दाखवणं थांबवलं. पण हे कलम जागं होतं ते घोषणेनंतर, म्हणजे तोवर घोषणा लांबवण्यातच शहाणपण! फ्रान्सने मात्र इथेच बोट ठेवलं. एरिक झेमूर हे सीन्यूज वाहिनीवर रोज संध्याकाळी बोलणारे पत्रकार. सप्टेंबर 2021मध्ये तिथल्या प्रसारण नियामकाने सांगून टाकलं, की यांच्या राजकीय बोलण्याची मिनिटं आता मोजायची. उमेदवारी जाहीर व्हायला अजून अडीच महिन्यांहून जास्त वेळ होता. झेमूर यांना रोजचा कार्यक्रम सोडावा लागला. आपल्याकडे खासगी वाहिन्यांसाठी असं काही आलं, तर आमची निम्मी डोकेदुखी जाईल.

बरं, एवढं करून मतं मिळतात का? माझं मत माहीममध्ये आहे. 2009 साली तिथे शिवसेनेने ‘होम मिनिस्टर’ या घरोघरी पैठणी देणाऱ्या टीव्ही कार्यक्रमाचे ‘भावोजी’ आदेश बांदेकर उभे केले. शिवसेना भवन याच मतदारसंघात, आणि भावोजींना ओळखत नाही असं घर शोधून सापडलं नसतं. शेजारच्या काकूंचा सवाल मात्र वेगळाच : ‘हे आमदार झाले तर पैठणी कोण वाटणार?’ तिकडे दादरचे आमदार सदा सरवणकर सेनेचं तिकीट न मिळाल्याने काँग्रेसकडून उभे, मनसेचे नितीन सरदेसाई जोरात. सरदेसाई जिंकले, बांदेकर तिसरे. त्यांचा कार्यक्रम पुढेही वर्षानुवर्षं चालला, तोही धडाक्यात. लोकांना ते हवे होते, पण संध्याकाळी साडेसहाला, आपल्या घरात.

याउलट इम्तियाज जलील. एनडीटीव्हीचे बातमीदार, म्हणजे पडद्यावर दिसणार मिनिटभर, तेही हातात माइक घेऊन. 2014 साली नोकरी सोडून ते एमआयएमतर्फे औरंगाबाद मध्यमधून आमदार झाले. त्या वेळी युती तुटलेली होती. सेना आणि भाजपच्या उमेदवारांची मतं एकत्र केली तर ती जलील यांच्याहून जास्त भरतात. 2019च्या लोकसभेला त्यांनी चार वेळच्या खासदार चंद्रकांत खैरे यांना 4,492 मतांनी हरवलं. वंचित आघाडीची साथ होतीच, शिवाय अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी पावणेतीन लाखांहून जास्त मतं खेचली. हे गणित टीव्हीवरच्या ओळखीने सुटत नाही. ते गल्लीत, जातीधर्माच्या आकड्यांत आणि प्रतिस्पर्ध्याच्या बंडखोरांत सुटतं. बातमीदारीने जलील यांना एक मात्र दिलं असणार, हे आकडे निकालाआधी वाचायची सवय.

2024मध्ये ते लोकसभा हरले आणि त्याच वर्षी औरंगाबाद पूर्वमधून विधानसभाही, अतुल सावे यांच्याकडून, 2,161 मतांनी. विधानसभेच्या निकालाच्या दुपारी टिकरची ओळ मीच लिहिली. ‘माजी खासदार जलील पराभूत’ एवढीच. पत्रकार हा शब्द घालावा, असं कुणी सुचवलंही नाही.