घरची मोटार: पहिले तीन महिने

घरीं मोटार असणें ही एके काळीं आमच्या मराठवाड्यांत डॉक्टर, वकील आणि जिनिंगचे मालक यांचीच मिरास होती. शिक्षकाची धांव सायकलीपर्यंत. पुढें स्कूटर आली, तेव्हांही आपल्या हातून कांहीं अतिरेक तर होत नाहीं ना, अशी शंका मनास चाटून गेल्यावांचून राहिली नाहीं. १९८३ सालीं मारुति ८०० निघाली आणि १९९८ च्या अखेरीस पुण्याजवळच्या पिंपरीची इंडिका बाजारांत आली, तेव्हांपासून ही मिरास सुटत गेली. त्या दोन्ही गाड्या आज निघत नाहींत. परंतु त्यांनीं पाडलेल्या वाटेनेंच आजच्या लहान गाड्या चालत आहेत.

ह्या जातीच्या गाडीस हॅचबॅक म्हणतात. मराठींत तिला अद्याप नांव नाहीं. मागील बाजूस पेटीच्या झांकणासारखें वर उचलावयाचें दार, आणि बसण्याची व सामानाची जागा एकाच छपराखालीं, एवढेंच तिचें लक्षण. इंजिन बहुधा पुढें आडवें बसविलेलें असून तें पुढचींच चाकें फिरवितें. मागील चाकांकडे जाणारा लांब दांडा नको, म्हणून गाडी आंखूड असूनही आंत माणसें सुखानें मावतात. २००६ च्या अर्थसंकल्पांत ४ मीटरांहून आंखूड व लहान इंजिनाच्या गाड्यांवरील उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलें गेलें, तेव्हांपासून कारखानदारांनीं आपलें बरेंच कौशल्य ह्या ४ मीटरांत ओतलें. पुढें २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवरील वस्तु व सेवा कर २८ चा १८ टक्के झाला, आणि त्याच दसऱ्यास आम्हीं गाडी घेतली. तिचें नांव येथें देत नाहीं. कंपनीनें आम्हांस जाहिरातीचे पैसे दिलेले नाहींत.

साठी ओलांडल्यावर गाडी कशास, असें पुष्कळांनीं विचारिलें. चिरंजीवांनीं पुण्याहून हिशेब पाठविला कीं, लागेल तेव्हां भाड्याची गाडी केल्यास निम्म्या खर्चांत भागेल. हिशेब बिनचूक होता. परंतु भाड्याची गाडी मागवितांना मनुष्य आधीं काम किती महत्त्वाचें आहे तें ठरवितो, आणि म्हाताऱ्या माणसांचीं कामें त्या कसोटीस क्वचितच उतरतात. आमच्या सासूबाई ८६ वर्षांच्या. लातूरास धाकट्या मुलाकडे असतात. गुडघ्यांमुळें एस. टी.ची पायरी त्यांना चढवत नाहीं. उंच जीपमध्यें उचलून ठेवावें लागे, आणि तें त्यांना खपत नसे. सात वर्षें त्यांनीं वेळ अमावास्येला आपलें शेत पाहिलें नव्हतें. "माझ्यासाठीं गाडी करूं नका," एवढेंच त्या दर वर्षीं म्हणत. आमच्या घरांतून तें ऐकत, आणि तो दिवस फार थोडें बोलून काढीत.

गाडी घेण्यापूर्वींच नांदेडास आम्हीं शिकाऊ परवाना काढला होता. तो सहा महिने चालतो व तीस दिवसांनंतर परीक्षेस बसतां येतें. पंचावन्नाच्या पुढील माणसास पक्का परवाना एका वेळीं पांचच वर्षांचा मिळतो, आणि अर्जास डॉक्टरचा दाखला जोडावा लागतो. ह्यांत अपमान कसला? बैल घेतांना दांत पाहणाऱ्या मुलखांत सारथ्याचे डोळे पाहूं नयेत काय? शिकविणारा तरुण आमचाच जुना विद्यार्थी निघाला. इतरांवर तो ओरडे, आम्हांस मात्र "सर, क्लच जरा सावकाश सोडतां का?" अशी विनंती करी. विनंतीनें क्लच समजत नाहीं. तिसऱ्या दिवशीं आम्हींच त्यास ओरडण्याची परवानगी दिली, तेव्हां विद्या येऊं लागली.

ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदास सुमारें १७ मीटर. डोळ्यांस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद तरी जातो. आमच्या वयांत थोडा अधिकच. वेग ६० चा ८० केला तर तो तिसऱ्या हिश्शानें वाढतो, पण ब्रेक दाबल्यानंतर थांबण्यास लागणारें अंतर पाऊणपटीहूनही अधिक वाढतें. कारण तें वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतें. गणिताचे मास्तर हें फळ्यावर लिहीत, तेव्हां आम्ही शेजारच्या वर्गांत रामः रामौ घोकून घेत होतों. कठोपनिषदांतील रथाच्या रूपकांत बुद्धि हा सारथि व मन हा लगाम. ब्रेकाचा उल्लेख तेथें नाहीं, परंतु सारा भर घोडे आवरण्यावरच आहे.

नांदेड ते लातूर सुमारें १४० किलोमीटर. लोहा, अहमदपूर, चाकूर असा राष्ट्रीय महामार्ग ३६१. आमची काळी जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत आकसते, म्हणून तिच्यावरील रस्त्यास ठिकठिकाणीं लाटा उठतात. भरल्या गाडीनें गतिरोधक पहिल्या गिअरांतच घ्यावा, नाहीं तर पोट घांसतें. डिसेंबरांत उंसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात; मागें दोन दोन ट्रॉल्या, आणि कित्येकांस लाल दिव्याचा पत्ता नसतो. दिवसां ते नुसता खोळंबा करितात, रात्रीं जीव घेतात. म्हणून सूर्यास्तानंतर आपण चाक धरावयाचें नाहीं, असा नियम आम्हीं पहिल्याच आठवड्यांत केला. त्या वेळीं लोह्यापुढें माळेगांवच्या खंडोबाची यात्रा भरत होती. घोड्यांच्या रांगांजवळून आमची २६ क्रमांकाची गाडी बैलाच्या चालीनें पुढें सरकली.

लातूरास दुसऱ्या दिवशीं सासूबाई दारापाशीं आल्या, आसनावर टेकल्या आणि मग एकेक पाय स्वतःच आंत घेतला. कोणीं हात लाविला नाहीं. मागचें दार उचलून आंबिलाचें मडकें, भज्जीचें पातेलें आणि ज्वारीचे उंडे ठेविले. शेत रस्त्यालगतच आहे. कडब्याच्या खोपींत पांडवांची पूजा झाली, पंगत झाली. चारच्या सुमारास आम्हीं निघण्याची गोष्ट काढली.

सासूबाई म्हणाल्या, "दिवेलागणीला पोरं पेटती पेंढी घेऊन शेताभोवतीं फिरतात. तेवढं बघून जाऊं."

सात वर्षांनीं आलेल्या माणसास तेवढ्यासाठीं नाहीं म्हणावें, तर गाडी घेतली कशास? आणि थांबावें, तर परतीचा रस्ता अंधाराचा व ट्रॅक्टरांचा. आमच्या घरांतून आमच्याकडे पाहत होत्या, पण बोलल्या नाहींत. मेहुण्याचा पंचविशीचा मुलगा रोज रात्रीं कामावरून गाडीनेंच परततो. आम्हीं किल्ली त्याच्या हातीं ठेविली. नव्या गाडीची किल्ली दुसऱ्यास देतांना मुठींत किती बळ असतें, तें त्या क्षणीं कळलें.

पेंढ्या पेटल्या. हरभऱ्याच्या कडेनें जाळाची एक रांग धांवत गेली आणि पलीकडच्या बांधावरून वळून परत आली. सासूबाई पुढच्या आसनावर बसून कांच खालीं करून पाहत राहिल्या. परततांना आम्ही मागें, मडकें दोन्ही गुडघ्यांत धरून बसलों होतों. बऱ्याच वेळानें अंधारांतूनच त्यांनीं विचारिलें,

"जावईबापू, माहूर नांदेडाहून किती लांब हो?"

"घाट आहे," आम्ही म्हणालों. "पण सकाळीं लवकर निघालों तर दिवसाउजेडीं परत येऊं."