ओल्या जस्ताचा पत्रा थरथरतो तेव्हा

तळेगाव-चाकण रस्त्यावर पोलादी पत्र्याच्या अवजड गुंडाळ्या वाहून नेणारे ट्रेलर तुम्ही पाहिले असतील. मोटारींसाठी लागणारा हा पत्रा पुष्कळदा जस्ताचा लेप दिलेला असतो. रायगड जिल्ह्यात विळे-भागाड येथे पॉस्को महाराष्ट्र स्टीलने 2012 मध्ये असा पत्रा काढायला सुरुवात केली, तेव्हा कारखान्याची क्षमता वर्षाला साडेचार लाख टन होती.

हा लेप देतात कसा? भट्टीतून आलेली पत्र्याची अखंड पट्टी सुमारे 460 अंश सेल्सियस तापमानाच्या वितळलेल्या जस्तात शिरते, कुंडात बुडवलेल्या रुळाला वळसा घालते आणि सरळ वर चढते. बाहेर येताच दोन्ही बाजूंनी हवेचे चपटे झोत जादा जस्त निपटून काढतात. कामगार यांना ‘एअर नाइफ’ म्हणतात. पट्टी आणि झोताचे तोंड यांत अंतर असते साधारण सेंटिमीटरभर. चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून 120 ग्रॅम जस्त द्यायचे म्हटले, तर एका बाजूचा थर साडेआठ मायक्रॉनही भरत नाही!

जस्त ओले आहे तोवर पट्टीला कशाचाही स्पर्श चालत नाही. म्हणून पट्टी कित्येक मीटर उंच अधांतरी जाते, खुंट्यांना ताणलेल्या तारेसारखी; आणि तारेसारखीच कंप पावते. ती एक मिलिमीटर जरी डावीकडे सरकली, तरी डावीकडचा थर पातळ आणि उजवीकडचा जाड होतो. गिऱ्हाइकाला ठरलेल्या जाडीहून कमी थर कुठेच चालत नाही. मग कारखाना सरसकटच थोडे जास्त जस्त देतो. समजा, पत्रा 0.8 मिलिमीटर जाडीचा आहे. साडेचार लाख टनांचे क्षेत्रफळ सुमारे 7 कोटी 17 लाख चौरस मीटर होते. दर चौरस मीटरला पाचच ग्रॅम जास्त गेले, तर वर्षाला साडेतीनशे टनांहून अधिक जस्त फुकट जाईल. गणित करून पाहा.

पट्टी का थरथरते, असे वर्गात विचारले की उत्तर येते, “सर, ती वेगाने धावते म्हणून.” मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण आकडे पाहा. ताणलेल्या पट्टीतील तरंगाचा वेग म्हणजे ताण-प्रतिबल भागिले घनता, याचे वर्गमूळ. प्रतिबल 2 कोटी न्यूटन प्रति चौरस मीटर आणि पोलादाची घनता 7850 घेतली, तर वेग येतो सेकंदाला सुमारे 50 मीटर. पट्टी धावते सेकंदाला दोन मीटर. तेव्हा धावण्याचा दोष नगण्य!

खरे अपराधी दुसरेच. 25 मीटर लांबीच्या या पट्टीची मूळ वारंवारता, म्हणजे तरंगाचा वेग भागिले दुप्पट लांबी, सेकंदाला एक कंपन इतकी येते. आता कुंडातील रुळाचा व्यास 60 सेंटिमीटर धरा. दोन मीटर वेगाला तोही सेकंदाला जवळजवळ एकच फेरा घेतो. रूळ किंचित वाकडा असला किंवा त्याचे बेअरिंग जस्तात झिजले असले, की दर फेऱ्याला पट्टीला एक धक्का बसतो. झोक्याला नेमक्या वेळी धक्का देत राहावे तसेच हे. यालाच अनुस्पंदन म्हणतात. हवेच्या झोतांचे आणि पंख्यांचे हादरे वेगळेच.

ताण वाढवावा काय? वारंवारता दुप्पट करायला ताण चौपट हवा. दोरीला एका विटेऐवजी चार विटा टांगून तुम्ही हे पडताळू शकाल. पण भट्टीतील तापलेली, मऊ पट्टी एवढ्या ताणाने लांबते आणि अरुंद होते.

मग स्पर्श न करता पट्टी धरायची कशी? विद्युत्-चुंबकाने! जस्त चुंबकाला दाद देत नाही, पण आतले लोखंड देते. त्याचे चुंबकत्व 770 अंशांपर्यंत टिकते. मात्र चुंबक पोलादाला ओढतो, ढकलत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना चुंबक हवेत. शिवाय अंतर निम्मे झाले की ओढ जवळजवळ चौपट होते. पट्टी एकीकडे जरा झुकली, तर तोच चुंबक तिला आणखी खेचून घेईल! यासाठी संवेदक पट्टीची जागा सतत मोजतात आणि ती जिकडे जात असेल त्याच्या विरुद्ध बाजूच्या चुंबकाचा प्रवाह क्षणात वाढवला जातो. एबीबी आणि जर्मनीतील ईएमजी या कंपन्या असे संच बनवतात. रुळांवरून येताना पट्टीला रुंदीत बाक येतो, तोही हे चुंबक बराचसा सरळ करतात.

चुंबक शक्य तितके हवेच्या झोतांलगत बसवतात. वरच्या भागात पट्टी थोडी हलली तरी बिघडत नाही; थर ठरतो तो खाली, झोतांच्या तोंडाशी.